मनगटाचं माप

बाथरूममधून पाण्याचा आवाज यायला लागला तसा घाईताईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल पसरला. मुद्दाम पांढरा घेतला, म्हणजे एखादी पिन सटकलीच तर निदान डोळ्यांना दिसेल. त्यावर नवऱ्याचं घड्याळ पालथं ठेवलं, शेजारी चष्म्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर आणि चिमटा मांडला, आणि चष्म्याच्या एका जुन्या डबीतून दोन पोलादी कड्या आणि त्यांच्या पिना काढून टॉवेलच्या कडेला ठेवल्या. कड्या ह्याच घड्याळाच्या पट्ट्यातल्या होत्या. त्यांनीच काढलेल्या, आणि त्याही चोरून. आज त्या तशाच चोरून परत बसवायच्या होत्या, आणि नवरा आंघोळ उरकून बाहेर यायच्या आत.

घाईताई हे नाव त्यांना चष्म्याच्या दुकानात पडलं. दुकानाच्या मागच्या बाजूला दिव्याखाली बसून त्या फ्रेमी दुरुस्त करायच्या. सैल दांडी आवळायची, नाकावरची गादी बदलायची, वाकलेलं सरळ करायचं. बाकी बाईंच्या अंगात नुसता वारा. पायात चपला सरकवता सरकवताच दाराला कुलूप लावणार, आणि मग किल्ली आतच राहिली म्हणून सगळ्या जगावर चिडणार. समोरचा माणूस वाक्य सुरू करतो तोवर ह्यांचं उत्तर देऊन झालेलं असायचं, आणि बऱ्याचदा ते दुसऱ्याच प्रश्नाचं असायचं. फक्त तो बारीक स्क्रूड्रायव्हर हातात आला की त्यांचा जीव एका जागी बसायचा. आज मात्र स्क्रूड्रायव्हर हातात असूनही जीव थाऱ्यावर नव्हता.

"अगं, गरम पाणी जरा कमी येतंय का आज?" आतून आवाज आला.

"येतंय तेवढं घ्या की!" त्या ओरडल्या आणि लगेच जीभ चावली. आज बाईंना नवऱ्यानं जास्तीत जास्त वेळ पाण्यात बसायला हवं होतं. "सावकाश होऊ द्या," त्यांनी गोड आवाजात पुस्ती जोडली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको 'सावकाश होऊ द्या' म्हणाली की खरं तर कुठल्याही नवऱ्याला संशय यायला हवा.

नवरा शिंपी होता. कोट शिवायचा, आणि सगळे त्याला मास्तर म्हणायचे, घाईताईसुद्धा चारचौघांत मास्तरच म्हणायच्या. माणूस शांत. एवढा शांत की दोघांची सरासरी काढली तर एक धड माणूस झाला असता. मास्तरांच्या डाव्या मनगटावर हे पोलादी घड्याळ कायम असायचं आणि ते कायम घट्ट असायचं, कारण सैल पट्टा अस्तराच्या रेशमी कापडावर घासला की धागा ओढला जातो आणि गिऱ्हाइकाचा कोट वाया जातो. "घड्याळ मनगटावर बसलं पाहिजे, लोंबकळलं नाही पाहिजे," असं मास्तर म्हणायचे, आणि जो कोणी ऐकेल त्याला पट्ट्याखाली करंगळी घालायचा प्रयत्न करून दाखवायचे. करंगळी जायची नाही. मग ते खूश.

ह्या घड्याळानंच घोळ केला होता.

मास्तरांचे थोरले भाऊ काही वर्षांपूर्वी गेले. धडधाकट गडी, पण आतून काहीतरी पोखरत गेलं आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. मास्तरांच्या मनात त्या सगळ्या आजारपणातली एकच गोष्ट रुतून बसली होती. दादाचं घड्याळ आधी सैल झालं. जेवताना हात वर केला की ते कोपराकडे घसरायचं, आणि दादा हसून ते पुन्हा खाली ओढायचा. मग दादा तपासणीला गेला, आणि गेला तो हॉस्पिटलातून घरी आलाच नाही. मास्तरांनी ह्यातून काय हिशेब काढला असेल? कुणीही काढेल तो नाही. घड्याळ सैल झालं म्हणजे संपलं, आणि तपासणीला गेलं म्हणजे तर संपलंच.

आणि मग एका संध्याकाळी जेवताना मास्तरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि त्यांचं घड्याळ बोटभर घसरलं. बोटभरच. पण मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. ग्लास खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा घसरलं. जेवण तसंच टाकून ते उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशीही काही खाल्लं नाही. न खाल्ल्यानं माणूस आणखी उतरतो हे त्यांना कोण सांगणार?

घाईताईंना ते बघवेना. मास्तरांचा दुपारी डोळा लागला तेव्हा त्यांनी उशाशी काढून ठेवलेलं घड्याळ उचललं आणि पट्ट्याची एक कडी काढून टाकली. उठल्यावर सांगितलं, "खटका ढिला झाला होता तुमच्या घड्याळाचा. आवळून ठेवलाय." मास्तरांनी घड्याळ घातलं, हात वर केला, खाली केला, झटकला. घड्याळ जागचं हललं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड आला की घाईताईंना वाटलं, आपण डॉक्टर झालो असतो तरी कुणाला इतक्या पटकन बरं केलं नसतं. मास्तर त्या रात्री दोन घास जास्त जेवले. पुढे काही आठवड्यांनी घड्याळ पुन्हा सैल वाटायला लागलं, तेव्हा मास्तरांच्या लक्षात यायच्या आतच घाईताईंनी दुसरी कडी काढली. पहिली एका बाजूची काढली होती, दुसरी दुसऱ्या बाजूची, म्हणजे खटका मनगटाखाली बरोबर मधोमध राहतो. कामात बाई चोख.

त्यानंतर घड्याळ सैल झालंच नाही. आठवडे गेले, घड्याळ आपलं मनगटावर घट्ट. घाईताईंनी मनात म्हटलं, थांबलं बरं का. जे काही होतं ते थांबलं. कधीकधी मास्तरांची मान कॉलरमध्ये जरा लहान वाटायची, पण त्या घड्याळाकडे बघायच्या आणि मनाची समजूत घालायच्या. आपणच केलेल्या लबाडीवर आपणच विश्वास ठेवायचा, हे कसब सगळ्यांना जमत नाही. बाईंना ते छान जमलं.

मग गेल्या रविवारी लेक आली. लेक दुसऱ्या गावात नोकरीला, बऱ्याच महिन्यांनी आली होती. तिनं दारातच वडिलांना बघितलं आणि तिच्या हातातली बॅग खाली सुटली. स्वयंपाकघरात आईला भिंतीशी गाठून ती म्हणाली, "आई, बाबा अर्धे झालेत! तुला दिसत नाही का गं?"

"त्यांचं घड्याळ बघ की," घाईताई म्हणाल्या. "आहे तसं आहे." घड्याळ आहे तसं का आहे हे जगात फक्त त्यांना एकटीला ठाऊक होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं.

लेकीनं त्याच दिवशी तपासणीची वेळ घेतली. आजची, सकाळची. मास्तरांनी एका वाक्यात विषय संपवला. मनगट पुढे केलं आणि म्हणाले, "करंगळी घालून दाखव." लेकीनं प्रयत्न केला. गेली नाही. "झालं तर मग," मास्तर म्हणाले. "मी उतरलो असतो तर हे सांगितलं नसतं ह्यानं? दादाच्या घड्याळानं सांगितलं होतं." लेक रडली, भांडली, उंबरठ्यावर बसून राहिली. मास्तर शांत. आठवडाभर कुणी विषय काढला की ते मनगट पुढे करायचे. लेक आज गाडी घेऊन येणार होती आणि मास्तर तिला दारातून परत पाठवणार होते. त्यांनी तसं काल सांगूनच टाकलं होतं.

म्हणून हा टॉवेल आणि ह्या कड्या. घाईताईंना रात्रभर कूस बदलून बदलून एवढं एकच सुचलं होतं. कड्या परत बसवायच्या. घड्याळ सैल होईल, मास्तरांना दिसेल, ते घाबरतील, आणि घाबरून का होईना तपासणीला येतील. खरं सांगून टाकायचा विचारही त्यांनी केला होता. पण 'मी तुम्हाला फसवलं' हे वाक्य ओठांपर्यंत यायचं आणि तिथेच बसकण मारायचं. त्यापेक्षा घड्याळालाच बोलू दे.

त्यांनी घड्याळाची डबी डाव्या हाताच्या अंगठ्याखाली दाबून धरली. पट्टा डबीच्या कानांमध्ये एका बारीक स्प्रिंगच्या दांडीवर अडकलेला असतो. दांडीचं टोक स्क्रूड्रायव्हरनं आत ढकललं की पट्टा सुटतो, पण ढकलताना बोट आडवं धरलं नाही तर दांडी उडते. हे त्या नव्या मुलींना दुकानात शंभरदा सांगत. आज स्वतःच विसरल्या. टिक्‌ असा आवाज झाला आणि दांडी टॉवेलवरून, टेबलावरून, त्यांच्या डोळ्यांदेखत फ्रीजच्या खाली गेली.

"काय पडलं?" आतून आवाज.

"काही नाही! चमचा!"

चमचा पडल्याचा आवाज वेगळा असतो हे शिंप्याला कळतं की नाही, ह्याचा विचार करायला वेळ नव्हता. त्या गुडघ्यांवर बसल्या, गाल फरशीला टेकवला. फ्रीजखाली धूळ, एक वाळलेलं वाटाण्याचं टरफल आणि अंधार. दांडी दिसेना. बाथरूममधला पाण्याचा आवाज थांबला. बाईंचा श्वासही थांबला. मग पुन्हा पाणी सुरू झालं. मास्तर खाली पडलेल्या टाचण्या गोळा करायला एक लोहचुंबक वापरायचे, तो पुढच्या खोलीत शिवणयंत्राला चिकटवलेला असायचा. घाईताई धावत गेल्या, चुंबक काढला, लाटण्याच्या टोकाला रबरानं बांधला आणि फ्रीजखाली फिरवला. बाहेर आला तेव्हा त्याला दांडी होती, दोन टाचण्या होत्या आणि कधीतरी हरवलेला एक स्क्रू होता. त्यांनी दांडी पुसली, आणि स्वतःच्या हाताला म्हणाल्या, "आता गप बस."

हात गप बसला. दुसऱ्या बाजूची दांडी त्यांनी बोट आडवं धरून काढली आणि पट्टा टॉवेलवर लांब पसरला, खटका मध्ये. कड्यांच्या आतल्या बाजूला बारीक बाण कोरलेले असतात. बाणाच्या दिशेनं ढकललं की पिन बाहेर, आणि उलट दिशेनं घातली की आत. एका बाजूला खटक्याजवळची पिन त्यांनी बाणाच्या दिशेनं ढकलली, ती गुपचूप बाहेर आली. त्या फटीत पहिली कडी ठेवली, दोन्ही पिना बसवल्या, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच ठोकल्या. एक बाजू झाली.

दुसऱ्या बाजूची पिन हलेना.

त्यांनी जोर लावला. हलेना. पट्टा उलटा करून बाण पुन्हा पाहिला, बाण बरोबर होता. मग दिव्याखाली नेऊन पाहिला आणि भोकात जे दिसलं ते त्यांना ओळखू येईना. पिनेचं टोक सपाट असायला हवं, हे खडबडीत होतं, कुणीतरी पक्कडीनं कचकन तोडल्यासारखं. चिमट्यानं धरून त्यांनी ते उलट्या बाजूनं ओढलं. आलं. हातावर घेतलं.

ती पिन नव्हतीच. शिंप्याच्या टाचणीचा तुकडा होता. चुंबकाला चिकटून आलेल्या दोन टाचण्या टेबलावर पडल्या होत्या, त्यातली एक त्यांनी शेजारी धरून पाहिली. तीच जाडी, तोच रंग.

घाईताई खाली बसल्या. स्वतःहून खुर्चीवर टेकण्याचा हा त्यांचा महिन्याभरातला पहिला प्रसंग असावा. त्यांनी पट्ट्याच्या दोन्ही बाजू एकमेकींशेजारी ठेवल्या. नवीन घड्याळ आणलं तेव्हा दोन्ही बाजू सारख्या होत्या, हे त्यांना पक्कं आठवत होतं. एका बाजूला आता सगळ्या कड्या होत्या. दुसरी बाजू तीन कड्यांनी कमी भरली. त्यातली एक त्यांच्यासमोर टॉवेलवर होती. मग उरलेल्या दोन?

हल्ली खटका मनगटाखाली जरा एका अंगाला गेलेला दिसायचा. हाडं वर आली असतील म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं.

पाणी कधी बंद झालं ते त्यांना कळलंच नाही. मास्तर खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभे होते, अंगात बनियन, केस ओले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं. पालथी पडलेली डबी, लांब पसरलेला पट्टा, बायकोच्या तळहातावर टाचणीचा तुकडा. आणि टॉवेलच्या कडेला एक कडी, जी त्यांनी काढलेली नव्हती.

"हे काय?" मास्तर म्हणाले.

"तेच मी विचारतेय," घाईताई म्हणाल्या. "हे काय?"

मास्तरांनी तुकडा ओळखला. खुर्ची ओढून ते समोर बसले. त्यांनी टॉवेलचा काठ सरळ केला. मग म्हणाले, "दुकानात पिन उडाली होती माझी. सापडली नाही. मग टाचणी तोडून घातली."

"किती काढल्यात?"

"तू ओरडणार."

"मी ओरडतेच आहे! किती काढल्यात?"

"दोन." मास्तरांनी मान खाली घातली. "एक दोन महिन्यांपूर्वी आणि एक मागच्या महिन्यात. सैल व्हायला लागलं होतं गं. तुला दिसलं असतं. तुझा जीव किती लहान, मला माहीत नाही का? तू धावत सुटली असतीस, घर डोक्यावर घेतलं असतंस. म्हटलं, दोनच कड्या आहेत. कामाचा ताण असेल. एवढ्यातेवढ्यानं माणूस मरत नाही."

"आणि रोज मला मनगट दाखवायचात ते?"

"तुला बरं वाटावं म्हणून." मग केस पुसत, "मलाही वाटायचं बरं. तू 'आहे तसं आहे' म्हणालीस की वाटायचं, असेलही."

घाईताईंना एकाच वेळी नवऱ्याला झोडपावंसं वाटलं आणि त्याचं डोकं छातीशी धरावंसं वाटलं. ह्या दोन्ही गोष्टी एकदम करता येत नाहीत, म्हणून त्यांनी टेबलावर मूठ आपटली. कडी उडून मास्तरांसमोर पडली.

"आणि ही?" मास्तरांनी ती उचलली. "ही कुठली? माझ्या दोन तर माझ्या बॉबिनच्या डब्यात आहेत."

आता पाळी घाईताईंची होती. जे वाक्य रात्रभर ओठांशी अडलं होतं ते आता तसं सहज बाहेर पडलं. त्या म्हणाल्या, "ती मी काढलेली. तुम्ही जेवण टाकून खिडकीशी उभे राहिलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. खटका ढिला बिला काही नव्हता. मग पुढे आणखी एक. ती आत्ताच परत बसवली."

मास्तर कडीकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर एक एक गोष्ट जागेवर बसत गेलेली घाईताईंना दिसली, आणि प्रत्येक गोष्टीबरोबर तो चेहरा जरासा उतरत गेला.

"म्हणजे तुझ्या दोन," ते म्हणाले.

"हो."

"आणि माझ्या दोन."

इतके आठवडे घाईताईंनी स्वतःला सांगितलं होतं की दोन कड्यांवर थांबलं. समोर बसलेल्या माणसानंही स्वतःला तेच सांगितलं होतं. दोघांनी एकमेकांना धीर द्यायला लपवलं होतं आणि दोघांनी एकमेकांच्या लपवण्यावर स्वतःचा धीर बांधला होता. थांबलं कुठेच नव्हतं.

"चार," मास्तर म्हणाले. अख्खा जन्म दुसऱ्यांच्या अंगाची मापं घेण्यात गेलेला माणूस. गिऱ्हाईक दारातून आत आलं की टेप न लावता छाती-कंबर सांगायचा. त्याला चार कड्या म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं नाही.

"पँटी?" घाईताईंनी हळूच विचारलं.

"त्या पण आत घेतल्यात. दुकानात." मास्तर जरा ओशाळले. "सफाईनं घेतल्यात, पण."

"सफाई!" घाईताई म्हणाल्या आणि त्यांना हसू फुटलं, आणि ते हसू मध्येच मोडलं. त्यांनी पदर, ओढणी काही हाताला लागेना म्हणून तोच पांढरा टॉवेल ओढून डोळ्यांना लावला. पिना इकडेतिकडे घरंगळल्या. "मला भीती वाटते हो," त्या टॉवेलातून म्हणाल्या. "मला फार भीती वाटते."

"मला पण," मास्तर म्हणाले. त्यांनी हे आजवर कधी कुणाला सांगितलं नव्हतं. भाऊ गेला तेव्हाही नाही. "दोन कड्यांचं मी मनाला काहीतरी सांगून भागवलं होतं. चार कड्यांचं काय सांगू?"

ते उठले, पुढच्या खोलीत गेले. शिवणयंत्राचा खण उघडल्याचा, बॉबिन सरकवल्याचा आवाज आला. परत येऊन त्यांनी दोन कड्या आणि उरलेल्या पिना बायकोसमोर ठेवल्या. पोलाद तेच, फक्त त्यांना धाग्याचा तंतू चिकटला होता.

"बसव," मास्तर म्हणाले.

"राहू द्या आता. आहे त्या बसवून देते, घसरणार नाही एवढं करते."

"नाही. सगळ्या बसव. एकदा बघू दे मला."

घाईताईंनी जमिनीवरच्या पिना चुंबकानं गोळा केल्या. एक कमी पडत होती, तिथे नाइलाजानं तोच टाचणीचा तुकडा पुन्हा घातला. तीनही कड्या एकामागोमाग बसवल्या. पट्ट्याची दोन्ही टोकं डबीच्या कानांत धरून स्प्रिंगच्या दांड्या दाबल्या, आणि त्या टक्‌ टक्‌ करून आपापल्या भोकात बसल्या. मास्तर सगळा वेळ समोर बसून बघत होते. आंघोळीनंतर गार वाटत असेल म्हणून घाईताईंनी मध्येच उठून नवऱ्याच्या खांद्यावर शर्ट टाकला आणि पुन्हा कामाला लागल्या.

मास्तरांनी घड्याळ घातलं. खटका लावला. हात वर केला.

घड्याळ मनगटावरून निघालं आणि थेट कोपरापाशी जाऊन थांबलं. दोघंही तिकडे बघत राहिले. मग मास्तरांनी हात खाली सोडला, तेव्हा ते तितक्याच आरामात खाली आलं, खटका लावलेलाच असताना हातावरून सरकलं आणि टेबलावर खाडकन पडलं. चालूच होतं. चांगलं घड्याळ होतं.

त्याच वेळी दारावरची घंटा वाजली. लेक आत आली ती भांडायच्या तयारीनंच आली होती. येताना गाडीत सगळी वाक्यं जुळवून आणली असणार. "बाबा, आज मी काही ऐकणार नाहीये. तुम्ही ते घड्याळ मला दाखवू नका, मला त्या घड्याळाचं तोंडसुद्धा—"

"शर्टाची बटणं लावतो आणि येतो," मास्तर म्हणाले. "गाडी खालीच लावलीस ना?"

लेकीनं आईकडे पाहिलं. आईचे डोळे लाल होते आणि ती एका हातानं टेबलावरच्या टाचण्या गोळा करत होती. "विचारू नकोस," आई म्हणाली. "गाडीत सांगते. दोघांचं मिळून सांगते."

मास्तर बूट घालायला दाराशी बसले. घाईताई घड्याळ घेऊन त्यांच्यापाशी गेल्या. "हे?"

"मी घातलं तर जिन्यात पडेल. तू घाल."

"मी?"

"पिशवीत टाकलंस तर घाईत कुठेतरी ठेवून येशील. हातात घाल."

घाईताईंनी घड्याळ मनगटावर चढवलं आणि खटका लावला. पट्टा बसला. सैल नाही, घट्ट नाही, शिंप्यानं माप घेऊन केल्यासारखा. मास्तरांच्या पूर्वीच्या, भरल्या हाताचं माप आता बायकोच्या मनगटाला बरोबर येत होतं. मास्तरांनी सवयीनं पट्ट्याखाली करंगळी घालून पाहिली. गेली नाही.

"तुझ्याच मापाचं निघालं की," ते म्हणाले. "काय खातेस गं?"

एरवी ह्या वाक्यावर दोन दिवस अबोला झाला असता. आज घाईताईंनी नुसती दाराची किल्ली आठवणीनं हातात घेतली. लेक पुढे जिना उतरायला लागली होती. मास्तर भिंतीला धरून उठले, तेव्हा घाईताईंनी पुढे होऊन त्यांचा दंड धरला. तोही किती हलका झालाय हे इतक्या दिवसांत त्यांना कळलं कसं नाही, असं त्यांना वाटलं.

"परत देशील ना?" मास्तरांनी पहिल्या पायरीवर विचारलं. आवाजात थट्टा होती, पण डोळ्यांत नव्हती. "घरी आल्यावर?"

"देईन. तुमच्या मापाचं करून देईन," घाईताई म्हणाल्या. "जेवढ्या काढायला लागतील तेवढ्या कड्या काढीन. पण तुमच्यासमोर बसून."

मास्तरांनी मान डोलावली आणि कठडा धरला. घाईताई आयुष्यात पहिल्यांदा एकेक पायरी थांबत, नवऱ्याच्या पावलानं जिना उतरल्या.